कारखान्याच्या आउटलेटवरचा ऑनलाइन मीटर: नदी राखायला किती पुरतो?

ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, शेवटच्या चेंबरमध्ये बुडवलेला हातभर लांबीचा स्टीलचा प्रोब, शेजारी पीएचची काचेची कांडी, आउटलेटच्या नळीवर फ्लोमीटर, भिंतीवर ट्रान्समीटर आणि डेटा लॉगर, आणि या सगळ्यावर रोखलेला एक कॅमेरा. कागदोपत्री याचं नाव ओसीईएमएस (ऑनलाइन कंटिन्युअस एफ्लुएंट मॉनिटरिंग सिस्टिम), कामगारांच्या तोंडी नुसतं ‘ऑनलाइन’. पीएच (आम्लता), टीएसएस (पाण्यातले तरंगते घन कण), सीओडी आणि बीओडी (पाण्यातल्या घाणीचं विघटन व्हायला लागणारा प्राणवायू, पहिला रसायनाने मोजलेला, दुसरा जिवाणूंना लागणारा) आणि प्रवाह असे पाच आकडे हा संच चोवीस तास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरकडे पाठवत राहतो. यंत्रं, बसवणी आणि वर्षाचा देखभाल करार धरून खर्च लाखांत जातो, तेव्हा कारखानदाराने तो पारखूनच घ्यावा. नदीकाठच्या माणसांनीही तो समजून घेतला पाहिजे, कारण गेली दहा वर्षं सरकारने नदीची राखण बऱ्याच अंशी याच यंत्रावर सोपवली आहे.

हे कसं झालं ते आधी पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये आदेश काढला. साखर, डिस्टिलरी, कागद, कातडी, रंग, औषधं, कीटकनाशकं, खतं, पेट्रोरसायनं अशा 17 अतिप्रदूषक वर्गांतल्या कारखान्यांनी आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांनी, म्हणजे सीईटीपींनी, ऑनलाइन मीटर बसवावेत असं त्यात होतं. मुदत मार्च 2015 ची होती, पुढे ती जूनपर्यंत वाढली. नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी 2015 मध्ये, महाराष्ट्राने आपलं नदी नियमन क्षेत्र धोरण मागे घेतलं. ‘आरआरझेड’ या नावाने ओळखलं जाणारं हे धोरण 2000 साली आलं आणि 2009 मध्ये सुधारलं गेलं. नदीच्या पाण्याचे ए-1 ते ए-4 असे वर्ग पाडून प्रत्येक वर्गासाठी काठापासून कारखान्याचं अंतर त्याने ठरवून दिलं होतं. ए-1 मध्ये दोन्ही काठांना 3 किलोमीटरपर्यंत कारखाना नाही, 3 ते 8 किलोमीटरमध्ये प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा असलेले हिरव्या आणि नारिंगी, म्हणजे कमी आणि मध्यम प्रदूषणाच्या, वर्गातले कारखाने, आणि सर्वांत प्रदूषक असा लाल वर्ग 8 किलोमीटरच्या पलीकडे. यामुळे जागा मिळत नाही, ही उद्योगांची जुनी तक्रार होती. थोडक्यात, अंतर गेलं आणि मीटर आला.

म्हणून या यंत्राला पारखताना दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ईटीपी नीट चालवायला ते उपयोगी आहे का? आहे, आणि चांगलंच आहे. अंतराची जागा ते भरून काढतं का? नाही. अंतर म्हणजे वेळ. टाकी फुटली, व्हॉल्व्ह गळला, टँकर उलटला, तर तीन किलोमीटरचा ओढा माती टाकून अडवता येतो. काठावरच्या कारखान्याला तेवढा वेळ नसतो. शिवाय अंतराला कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खऱ्या मापाशी जुळवून घेणं, लागत नाही.

आता यंत्राकडे वळू. बाजारात सर्वांत जास्त खपतो तो यूव्ही-व्हिजिबल (अतिनील आणि दृश्य प्रकाशाच्या) पद्धतीचा प्रोब. त्यात एक दिवा असतो. पाण्याच्या काही मिलिमीटर जाडीच्या थरातून त्याचा प्रकाश जातो आणि वेगवेगळ्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला गेला ते मोजलं जातं. जास्त भर असतो 254 नॅनोमीटरच्या आसपास, कारण तिथे बेंझीनसारखी कडी किंवा दुहेरी बंध असलेली सेंद्रिय द्रव्यं प्रकाश शोषतात. म्हणजे प्रोब सीओडी मोजतच नाही. तो प्रकाशाचं शोषण मोजतो आणि गुणक लावून त्याचा सीओडी करतो. प्रयोगशाळेतला खरा सीओडी डायक्रोमेटबरोबर 150 अंशांवर दोन तास उकळून काढतात. बीओडी तर 27 अंशांवर तीन दिवस ठेवल्याशिवाय कळत नाही, तेव्हा स्क्रीनवर दर पंधरा मिनिटांनी दिसणारा बीओडी हा निव्वळ गणिती अंदाज असतो.

ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. साखर, अल्कोहोल, अॅसेटिक अॅसिड ही द्रव्यं 254 ला जवळजवळ पारदर्शक असतात. साखर कारखान्यात रसाची गळती झाली किंवा डिस्टिलरीत अल्कोहोल गटारात गेलं, तर पाण्याचा खरा सीओडी हजारांत जाईल आणि यूव्ही प्रोब शांत बसेल. उलट डाइंगच्या पाण्यात रंगच प्रकाश खातो, तिथे प्रोब वाजवीपेक्षा जास्त दाखवतो. त्यामुळे गुणक त्या-त्या कारखान्याच्या पाण्यावरच बसवावा लागतो. एका दिवशी तीन सँपल घेऊन काम भागत नाही. कमी, मध्यम आणि जास्त भाराच्या दिवसांची, वेगवेगळ्या उत्पादनांच्या बॅचची मिळून निदान पंधरा-वीस सँपल प्रयोगशाळेत तपासून आलेख काढावा. औषधांच्या कारखान्यात उत्पादन बदललं की गुणक पुन्हा तपासायचा. साखर, डिस्टिलरी, दूध अशा कारखान्यांनी यूव्हीच्या नादी न लागता टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) अॅनालायझर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो सगळा सेंद्रिय कार्बन जाळून किंवा रसायनाने विघटित करून मोजतो, त्यामुळे साखर त्याच्या नजरेतून सुटत नाही. महाग आहे, रसायनं आणि फिल्टरचा चालू खर्च आहे, बारीक नळ्या गाळाने तुंबतात. पण दाखवतो तो आकडा खरा असतो.

टीएसएसचा सेन्सर 860 नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते पाहतो, म्हणून त्याला रंगाची अडचण नाही. त्याला अडचण बुडबुड्यांची. पाणी जिथे वरून धबधब्यासारखं पडतं तिथे सेन्सर लावला की फेस आणि बुडबुडे कण म्हणून मोजले जातात आणि रात्री दोन वाजता उगाच अलार्म येतो. पडत्या पाण्यापासून दूर, शांत पण वाहत्या भागात, तळापासून निदान वीतभर वर आणि पाण्याची पातळी कितीही उतरली तरी बुडालेला राहील असा तो हवा. पीएचच्या कांडीचं आयुष्य साधारण वर्ष-दीड वर्ष. 25 अंशांवर नव्या कांडीचा उतार दर पीएचला 59 मिलिव्होल्ट असतो, तो 50 च्या खाली उतरला की कांडी बदलायची. आठवड्याला 4 आणि 7 पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, बुडवून पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे. तेही बऱ्याच ठिकाणी होत नाही.

सर्वांत जास्त तक्रारी मात्र काचेवर बसणाऱ्या बुळबुळीत थराच्या असतात. जैविक प्रक्रिया झालेल्या पाण्यात जिवाणू असतातच. तीन-चार दिवसांत प्रोबच्या खिडकीवर साय धरते आणि सीओडी हळूहळू चढत जातो. म्हणून वायपर किंवा कॉम्प्रेस्ड हवेचा फवारा असलेलाच प्रोब घ्यावा. फवारा असेल तर हवेतलं तेल आणि पाणी काढणारा फिल्टर मध्ये बसवायला विसरू नये, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेलच काचेवर बसतं. कठीण पाण्याच्या भागात चुन्याचा पांढरा थर बसतो. तो सौम्य, म्हणजे 5 टक्क्यांच्या आसपासच्या हायड्रोक्लोरिक अॅसिडने मऊ कापसाने काढावा. घासणी लावली की क्वार्ट्झच्या काचेवर ओरखडे पडतात, आणि ते कोणतंही कॅलिब्रेशन भरून काढत नाही.

आता प्रवाह. पाचांतला हा सर्वांत दुर्लक्षित आकडा, आणि नदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. नळी भरून वाहत असेल तर इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर उत्तम. त्याच्या आधी नळीच्या व्यासाच्या पाच ते दहा पट आणि नंतर दोन ते तीन पट सरळ नळी लागते, मध्ये बाक किंवा व्हॉल्व्ह चालत नाही. उघड्या चॅनेलला 90 अंशांचा व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली आडवी पट्टी) आणि वर अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. तिथे प्रवाहाच्या सूत्रात पाण्याची उंची अडीचाव्या घातात शिरते, म्हणून मिलिमीटरला किंमत आहे. नॉचवर 15 सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला साधारण 12 लिटर, दिवसाला 10 लाख लिटरच्या वर. तीच उंची 5 मिलिमीटरने चुकीची वाचली गेली तर प्रवाहात आठ-साडेआठ टक्के फरक पडतो, म्हणजे रोजचे 85-90 हजार लिटर. नॉचच्या मागे गाळ साचला, फेसाचा थर आला, सेन्सरचा कंस जरा वाकला, की एवढी चूक सहज होते.

प्रवाह एवढा महत्त्वाचा का, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा आउटलेटचं प्रमाण लिटरला 250 मिलिग्रॅम सीओडी आहे, आणि कारखान्याचं 500 घनमीटर पाणी 400 वर आलंय. ऑपरेटरने त्यात 300 घनमीटर साधं पाणी सोडलं तर सीओडी बरोबर 250 होतो. स्क्रीन हिरवी, अलार्म बंद. पण 500 गुणिले 400 आणि 800 गुणिले 250, दोन्हींचं उत्तर 200 किलोच येतं. नदीत जायची तेवढी घाण गेलीच, वर 300 घनमीटर चांगलं पाणी वाया गेलं. हे पकडायचं असेल तर प्रवाहाचा आकडा पाण्याच्या बिलाशी, बोअरवेलच्या मीटरशी आणि उत्पादनाशी ताडून पाहिला पाहिजे. धोरणात जिथे प्रमाणाबरोबर पाण्याच्या मात्रेवरही मर्यादा घातली, तिथे परिणाम चांगला दिसतो. साखर कारखान्यांसाठी 2016 मध्ये आलेली मानकं याचा नमुना आहेत. टनभर उसामागे एकूण 200 लिटर सांडपाणी, त्यात प्रक्रिया केलेलं 100 लिटर आणि स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरचं 100 लिटर. रोज 5000 टन गाळप करणाऱ्या कारखान्याला प्रक्रिया केलेलं पाणी दिवसाला 500 घनमीटर. यात पाणी मिसळून सुटता येत नाही. प्रत्येक उद्योगाला अशी मर्यादा हवी, आणि हे आम्ही फार कळकळीने लिहितो आहोत.

मीटरमुळे सुधारणा झाली ती कुठे? मुख्यतः रात्री. ईटीपीच्या विजेच्या बिलात मोठा वाटा हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा असतो, आणि तो रात्री बंद ठेवण्याचा मोह जुनाच. काही तास हवा थांबली की एरेशन टाकीतला जिवाणूंचा गाळ काळा पडतो, कुजक्या अंड्यांचा वास येतो, आणि तो पुन्हा सावरायला दिवस लागतात. ऑनलाइन आकडा पहाटे चढलेला दिसला की चौकशी होते, त्यामुळे ब्लोअर चालू राहू लागले. अलार्म आल्यावर व्हॉल्व्ह फिरवून पाणी परत इक्वलायझेशन टाकीत (प्रक्रियेआधी सांडपाणी साठवून एकसारखं करण्याच्या टाकीत) घेणं ही शिस्तही काही ठिकाणी आली. पण त्यासाठी टाकीत जागा लागते. रोज 200 घनमीटर पाण्याच्या कारखान्यात आठ तासांची, म्हणजे 67 घनमीटरची टाकी असेल आणि ती आधीच भरलेली असेल, तर ऑपरेटरपुढे दोनच वाटा उरतात: पाणी मिसळा किंवा बायपास उघडा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मीटर घेण्याआधी निदान एका दिवसाचं पाणी मावेल अशी राखीव टाकी बांधा. मीटरच्या किमतीपेक्षा तो पैसा जास्त कामी येतो.

फसवणुकीबद्दलही मोकळेपणाने बोललं पाहिजे. सर्वांत साधी युक्ती म्हणजे प्रोब काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवणं. कॅमेरा त्यासाठीच आला. दुसरी युक्ती लॉगरमध्ये गुणक किंवा ऑफसेट बदलणं. ही बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक बदलाची तारीख-वेळेसह नोंद ठेवणारा आणि ती नोंद पुसता न येणारा लॉगरच घ्यावा. खोटा आकडा ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या सांडपाण्याचा आलेख कधीच सरळ रेषेत नसतो. पाळी बदलताना, फरशा धुताना, बॅच सुटताना तो वरखाली होतोच. तीन दिवस सीओडी 118 ते 121 मध्येच फिरत असेल तर पाणी उत्तम नसून प्रोब भलतीकडे आहे.

कायद्याच्या बाजूने या यंत्राची ताकद लोकांना वाटते त्यापेक्षा कमी आहे. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे कोर्टात पुरावा म्हणून चालतं ते रीतसर नोटीस देऊन, दोन भाग करून, सील आणि सह्या करून प्रयोगशाळेत पाठवलेलं सँपल. ऑनलाइन आकडा मंडळाला जागं करतो, पुढची कारवाई सँपलवर होते. अलार्मनंतर अधिकारी पोचेपर्यंत काही तास गेले तर नळीतलं पाणी बदललेलं असतं. यावर एक उपाय स्वस्तात आहे: मर्यादा ओलांडताच आपोआप सँपल भरून 4 अंशांवर थंड ठेवणारा ऑटोसॅम्पलर. मीटरबरोबर तो सक्तीचा असता तर निम्मे वाद मिटले असते. खरी जरब कलम 33अ ची, म्हणजे वीज आणि पाणी तोडण्याच्या आदेशाची. एमआयडीसीतल्या कारखान्याचं पाणी तुटलं की दोन दिवसांत मालक ईटीपीवर येतो.

प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायच्या भरपाईचं सूत्र मात्र निराश करतं. हरित लवादाच्या प्रकरणातून केंद्रीय मंडळाने जे सूत्र ठरवलं, त्यात प्रदूषण निर्देशांक (लाल 80, नारिंगी 50, हिरवा 30), उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक (साधारण 250), उद्योगाचा आकार (लहान 0.5, मध्यम 1, मोठा 1.5) आणि शहराच्या लोकसंख्येवरून ठरणारा ठिकाणाचा गुणक यांचा गुणाकार होतो. लाल वर्गातला लहान कारखाना लहान गावात असेल तर दिवसाला 10,000 रुपये, मोठा असेल तर 30,000. यात किती किलो घाण सोडली हे कुठेच नाही. नदीत त्या महिन्यात किती पाणी होतं, हेही नाही. दर पंधरा मिनिटांना प्रवाह आणि सीओडी मोजणारं यंत्र दारात उभं असताना दंड किलोवर न लावता दिवसांवर लावायचा, याचं समर्थन आम्हाला करता येत नाही.

नदीतल्या पाण्याचा मुद्दा तर आणखी मोठा. आउटलेटला बीओडी 30 चालतो, आंघोळीच्या पाण्यासाठी नदीत 3 च्या आत हवा. नदीचं पाणी 1 बीओडीचं, म्हणजे अगदी निर्मळ धरलं, तरी एक भाग सांडपाण्याला साडेतेरा भाग नदीचं पाणी लागतं. पावसाळ्यात ते असतं. मार्चनंतर पंचगंगेसारख्या नदीत, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्यावर पाणी तळ्यासारखं साचतं. शहरांचं सांडपाणी आणि उद्योगांचं पाणी त्याच फुगवट्यात. वर जलपर्णीची हिरवी चादर, खाली प्राणवायू संपत चाललेला. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या त्यामुळेच वारंवार येतात. त्या दिवशी नदीकाठच्या प्रत्येक मीटरवर हिरवा आकडा असू शकतो. आणखी एक उणीव: कापड प्रक्रिया उद्योग त्या 17 वर्गांत नाही, त्यामुळे डाइंग-प्रोसेसिंगच्या पट्ट्यात सगळी भिस्त सीईटीपीच्या एका मीटरवर. तिथे आकडा बिघडला तरी कुणाच्या पाण्याने बिघडला ते कळत नाही. सीईटीपीने प्रत्येक सभासदाच्या जोडणीवर निदान प्रवाह, पीएच आणि कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता) मोजावी. हे तिन्ही सेन्सर स्वस्त आणि टिकाऊ आहेत.

केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांपैकी 53 महाराष्ट्रात. 2022 मध्ये देशाचा आकडा 311 वर उतरला, महाराष्ट्राचा 55 झाला. दोन्ही वेळा राज्य पहिल्या क्रमांकावर. यात शहरांच्या मैल्याचा वाटा फार मोठा आहे, सगळं खापर उद्योगांवर फोडणं चुकीचं. पण मीटर बसले म्हणून नद्या सुधारल्या असंही म्हणता येत नाही.

खरेदी करायचीच असेल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या. दर महिन्याला प्रयोगशाळेच्या सँपलशी तुलना करून फरकाचा तक्ता विक्रेत्याने द्यायचा. बिघाडानंतर 48 तासांत पर्यायी प्रोब आणायचा. लॉगरचा पासवर्ड आणि बदलांची नोंद मालकाला दिसली पाहिजे. देखभाल करार सर्वांत कमी दराच्या बोलीवर देऊ नका. अशा कराराखाली येणारा तंत्रज्ञ प्रोब पुसतो, सही करतो आणि जातो.

गावकऱ्यांना मीटरचा स्क्रीन दिसत नाही, पण एक तपासणी कोणालाही जमते. प्रत्येक कारखान्याला दोन वाटा असतात, एक ईटीपीच्या आउटलेटची आणि दुसरी पावसाच्या पाण्याच्या गटाराची. मीटर फक्त पहिल्या वाटेवर असतो. डिसेंबर ते मे दुसरी वाट कोरडी ठणठणीत असायला हवी. कुंपणाबाहेर त्या गटाराच्या तोंडाशी पाहा: ओल आहे का, दगडांवर रंगाचा किंवा तेलाचा पट्टा आहे का, गवत कडेला जळलंय का. असेल तर फोटो, तारीख, वेळ आणि जागेसह मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तर ही फेरी चुकवूच नका. साठवलेलं पाणी सोडून द्यायला तीच रात्र निवडली जाते, आणि तेव्हा ते त्याच गटारातून जातं.